खिडकी मागण्याची रीत

खिडकी हा शब्द आपल्याकडे पूर्वी दोन अर्थांनी वापरात होता. घराची खिडकी उजेड आणि वारा आत घेण्यासाठी असे, आणि कचेरीची खिडकी अर्ज आत घेण्यासाठी. गेल्या तीन-चार दशकांत या शब्दाला तिसरा अर्थ येऊन मिळाला. संगणकाच्या पडद्यावर जो चौकोन उघडतो आणि ज्यात पत्र, चित्र, हिशेब किंवा खेळ दिसतो, त्यालाही आपण खिडकीच म्हणू लागलो. पहिल्या दोन खिडक्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या असतात. तिसरी मात्र दर वेळी मागून घ्यावी लागते. जेथे ती मागायची तो पडदा एक असतो आणि मागणारे अनेक असतात. त्यामुळे या तिसऱ्या खिडकीचा विचार करू लागले, की तंत्राच्या आधी नीतीचा प्रश्न समोर येतो. सामायिक जागेत आपल्यासाठी किती जागा मागावी, ती कोणत्या शब्दांत मागावी, आणि मिळालेल्या जागेशी कसे वागावे?

हा प्रश्न यंत्राने निर्माण केलेला नाही. एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडे नांदू लागली, त्या दिवसापासून तो आहे. परंतु माणसांच्या व्यवहारात भीड, वशिला, दरारा आणि संकोच यांची सरमिसळ एवढी असते, की मागणे कोठे संपते आणि बळकावणे कोठे सुरू होते हे स्पष्ट दिसत नाही. यंत्राला भीड कळत नाही. तेथे मागण्याचे नियम अक्षरशः लिहून ठेवावे लागले. त्या लिखित नियमांकडे पाहिले, तर आपल्या अलिखित व्यवहाराचीही थोडी उकल होईल, अशा समजुतीने आम्ही हा काहीसा रुक्ष विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम व्यवस्था काय आहे ते पाहू. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत पडद्यावर खिडकी उघडण्याच्या आज्ञा वेगवेगळ्या आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तिन्हींची भाषा शिकावी, तर त्याचे मूळ काम बाजूला राहील. म्हणून मध्ये एक मुखत्यार नेमला जातो. त्याला ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. ग्रंथालयाशी तिचा संबंध नावापुरताच. ती तयार आज्ञांचा एक संच असते. प्रोग्राम आपली मागणी या मुखत्याराला एकाच भाषेत सांगतो आणि मुखत्यार ती त्या त्या दरबारी योग्य भाषेत सादर करतो. सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली आरंभिलेली ‘सिंपल डायरेक्टमीडिया लेयर’, म्हणजे एस.डी.एल., ही अशा लायब्रऱ्यांपैकी फार प्रसिद्ध. तिच्या तिसऱ्या पिढीची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. पीट शिनर्स यांनी २००० साली तिच्याच पायावर पायथन या भाषेसाठी ‘पायगेम’ उभारली. जी.एल.एफ.डब्ल्यू. ही त्याच जातीची आणखी एक.

आपल्या साखळी-डिचोलीच्या घरांना हे विषय आता दूरचे राहिलेले नाहीत. २०२१ साली गोवा शासनाने शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविण्याची योजना हाती घेतली. ज्या वयात आपण पाढे घोकत होतो, त्या वयात नातवंडे पडद्यावर खिडकी उघडून तीत आकृती हलवू लागली आहेत. खिडकीची रुंदी-उंची किती, ती पडद्यावर कोठे यावी, तिला किनार असावी की नसावी, वापरणाऱ्याला ती लहानमोठी करता यावी की नाही, ती इतरांच्या वर राहावी काय, सगळा पडदा व्यापावा काय, या सर्व गोष्टी आरंभीच्या काही ओळींत ठरवाव्या लागतात. मुलाला त्या कंटाळवाण्या वाटतात, कारण त्याला खेळाकडे धाव घ्यायची असते. आम्हांस मात्र त्या ओळी सर्वांत अर्थपूर्ण वाटतात. त्यांत प्रोग्राम जगाशी आपले नाते जाहीर करतो.

ज्याने काहीच जाहीर केले नाही, त्याचे काय होते? त्याच्या वतीने कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. पायथनबरोबर येणाऱ्या ‘टर्टल’ या चित्र काढण्याच्या साधनाला माप सांगितले नाही, तर ते पडद्याची निम्मी रुंदी आणि पाऊण उंची घेते. एम.आय.टी.च्या मीडिया लॅबने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये मुलांचा रंगमंच ४८० गुणिले ३६० एवढा नेमून दिलेला असतो आणि त्याचा मध्य हाच शून्यबिंदू असतो. पायगेममध्ये तर एक विलक्षण संकेत आहे. रुंदी शून्य आणि उंची शून्य असे माप दिले, तर खिडकीला संपूर्ण पडद्याएवढे माप मिळते. शून्य मागणाऱ्याला सर्व मिळावे, ही गोष्ट एखाद्या कीर्तनकाराला दृष्टान्तासाठी फार आवडेल. पण तिच्यातला व्यवहारी बोधही विसरू नये. मौन नेहमीच नम्र असते असे नाही. काही ठिकाणी गप्प राहणाऱ्याच्या वाट्याला अर्धे येते, काही ठिकाणी ठरावीक येते आणि काही ठिकाणी सर्वस्व येते. ज्याने अर्जाचा नमुना छापला, त्याने मौनाचा अर्थ आधीच ठरवलेला असतो. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना हे नवे नाही. नमुन्यात छापून ठेवलेल्या एका ओळीने जेवढे निर्णय होतात, तेवढे पुष्कळ वेळा मोठ्या टिपणानेही होत नाहीत. म्हणून आधीच भरून ठेवलेली किंमत वाचून पाहणे हे नागरिकाचे पहिले कर्तव्य, आणि ती न्याय्य ठेवणे हे नमुना तयार करणाऱ्याचे.

आता मागणीकडे वळू. जी.एल.एफ.डब्ल्यू.मध्ये खिडकी उघडण्यापूर्वी ज्या सूचना द्यावयाच्या, त्यांना आज्ञा म्हटलेले नाही. त्यांना संकेत म्हटले आहे आणि त्यांचे दोन वर्ग केले आहेत. काही अटी कठोर असतात. त्या तंतोतंत पुऱ्या झाल्या नाहीत, तर खिडकी उघडतच नाही. उरलेल्या सौम्य असतात. त्या शक्य तितक्या जवळून पाळल्या जातात, पण हाती येईल ते मागितलेल्यापेक्षा वेगळे असू शकते. एस.डी.एल.च्या तिसऱ्या पिढीने तर अधिक स्पष्टपणे लिहून ठेवले आहे, की खिडकीचे माप बदलण्याची मागणी ही विनंती आहे आणि प्रणाली ती नाकारू शकते. उत्तर लगेच येईल असेही नाही. ते आले म्हणजे प्रत्यक्षात कोणते माप मिळाले याची वर्दी दिली जाते, आणि प्रोग्रामने आपले चित्र त्या मापाप्रमाणे पुन्हा काढावे अशी अपेक्षा असते.

या तीन-चार वाक्यांत चांगल्या अर्जाचे सगळे शास्त्र आलेले आहे. अर्जदाराने स्वतःशी आधी ठरवावे, की आपल्या मागण्यांपैकी कशावाचून आपले चालणारच नाही, आणि कशाशी आपली केवळ आवड निगडित आहे. ज्याला सगळ्याच अटी कठोर वाटतात, त्याची खिडकी बहुधा उघडतच नाही. ज्याच्या सगळ्याच सौम्य असतात, त्याला कशाचीच निकड नव्हती असा अर्थ लावला जातो. पुढची पायरी अधिक कठीण आहे. मिळाल्यावर पाहावे, की प्रत्यक्षात काय मिळाले. आपण आठशे गुणिले सहाशे मागितले म्हणून तेवढेच आहे असे धरून चित्र काढीत बसणारा प्रोग्राम कडेला कापला जातो, किंवा मधोमध एकटा पडतो. आजच्या दाट पडद्यांवर तर एकाच खिडकीची दोन मापे असू शकतात. प्रणालीच्या हिशेबात ती आठशे रुंद असते आणि प्रत्यक्ष प्रकाशबिंदूंच्या हिशेबात सोळाशे. मागितलेले माप आणि मिळालेले माप यांत फरक असतो एवढेच येथे कळत नाही. मोजण्याचे एककही दोन पक्षांचे वेगळे असू शकते, हेही कळते. घराघरांतील वाटण्यांचे किती तंटे केवळ एककाच्या गैरसमजातून वाढले असतील!

नियम मात्र एकतर्फी नाही. देणाऱ्यावरही त्याने कर्तव्य टाकले आहे. प्रणाली नकार देऊ शकते, उशीर करू शकते, कमी देऊ शकते. परंतु काय दिले हे तिने कळवले पाहिजे. अर्ज आला, तो फेटाळला, आणि अर्जदाराला त्याचा पत्ताच नाही, हा प्रकार यंत्रातही दोष मानला जातो. अधिकाऱ्याच्या सद्गुणांची यादी करावयाची झाली, तर आम्ही औदार्यापूर्वी ‘कळविणे’ लिहू. नकार पचवता येतो. अनिश्चितता माणसाला हळूहळू लाचार करते.

येथपर्यंत सर्वांची संमती मिळेल. खरा वाद सामर्थ्यापाशी सुरू होतो. खिडकीला सर्वांच्या वर राहता येते, संपूर्ण पडदा व्यापता येतो, आणि काही प्रणालींत समोरचा माणूस दुसरीकडे लिहीत असता मध्येच पुढे येऊन त्याची अक्षरे आपल्याकडे ओढून घेता येतात. हे करता येत असेल, तर करावे काय? येथे मागणी जागेची असते, पण घेतली जाते ती वस्तू निराळी आहे. माणसाचे लक्ष घेतले जाते. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन्ही गणले आहेत. चोरी म्हटली की आपल्याला द्रव्य आठवते. पण ज्याचे लक्ष त्याच्या संमतीवाचून उचलून नेले, त्याच्या आयुष्यातला तेवढा तुकडाच नेला, कारण आयुष्य शेवटी आपण ज्याकडे लक्ष दिले त्याचेच बनलेले असते.

मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन या अभियंत्याने अशा मागण्यांसाठी एक साधी कसोटी वारंवार सांगितली आहे. आपली खिडकी कायम सर्वांत वर कशी ठेवावी, असे कोणी विचारले, की ते उलट विचारतात, की असेच दुसऱ्या एका प्रोग्रामने केले तर काय होईल? दोघेही ‘सर्वांत वर’ राहू शकत नाहीत. म्हणजे ही मागणी कठीण आहे असे नव्हे. ती स्वतःच स्वतःला खोडून काढणारी आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात नीतीचा जो निकष मांडला, तो याहून फार दूर नाही. आपल्या वागण्याचे सूत्र सर्वांचा नियम व्हावे अशी इच्छा आपण विसंगतीशिवाय करू शकतो काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. आणि आपल्याला जे प्रतिकूल वाटते ते दुसऱ्याशी आचरू नये, ही आपल्या आजीबाईंची शिकवणही त्याच घरची. जर्मन तत्त्वज्ञ, अमेरिकन अभियंता आणि आपल्या माजघरातील म्हातारी यांचे ज्या गोष्टीवर एकमत होते, ती गोष्ट बहुधा खरी असावी.

परंतु कसोटी ठाऊक असली म्हणून सर्वजण ती लावतात असे नाही. मग नियमाने सामर्थ्यच काढून घ्यावे, की संयमावर विसंबावे? या प्रश्नाला पडद्याच्या इतिहासात दोन्ही उत्तरे दिली गेली आहेत. एम.आय.टी.त १९८४ साली सुरू झालेल्या आणि १९८७ पासून अकराव्या आवृत्तीने नांदत आलेल्या ‘एक्स विंडो सिस्टिम’चे सूत्र असे होते, की आम्ही साधन देऊ, धोरण ठरविणार नाही. तेथे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावता येई, त्याच्या कळा ऐकता येत, आपली जागा हवी तेथे मागता येई. हे स्वातंत्र्य बेबंद होऊ नये म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेजारधर्माची एक संहिताच तयार झाली. प्रोग्रामांनी एकमेकांशी आणि पडद्याच्या व्यवस्थापकाशी कसे वागावे याचे संकेत तीत घालून दिले. ते पाळण्याची सक्ती मात्र नव्हती. २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या ‘वेलँड’ने दुसरी वाट धरली. तेथे प्रोग्रामला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कोठे आहे हे ठरविताही येत नाही आणि कळतही नाही. शेजारच्या खिडकीत डोकावणे तर दूरच. विंडोजनेही १९९८ पासून मध्येच पुढे येण्यावर निर्बंध घातला. माणूस दुसरीकडे कामात असेल, तर त्या खिडकीची खालच्या पट्टीतील खूण लुकलुकते. दारावर थाप पडते, दार तोडले जात नाही.

गोव्याच्या जुन्या घरांत काचेच्या ऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून उजेड येई, पण आरपार दिसत नसे. वेलँडची खिडकी आम्हांस त्या शिंपल्यांच्या खिडकीसारखी वाटते. प्रत्येकाला त्याचा प्रकाश मिळतो आणि शेजाऱ्याचे माजघर झाकलेले राहते. पण शिंपल्याच्या तावदानाची एक किंमत असते. रस्त्यावर कोणी हाक मारली तर कोण आहे हे पाहायला दार उघडावे लागते. वेलँडच्या नियमानेही काही प्रामाणिक माणसांची अडचण झाली. दृष्टी अधू असलेल्यांना पडद्यावरचे वाचून दाखविणारी साधने, पडद्याचे चित्र घेणारी साधने, अनेक खिडक्या ठरल्या जागी मांडणारी साधने, या सर्वांना दुसऱ्याच्या खिडकीपर्यंत पोचण्याचे न्याय्य कारण होते. त्यांच्यासाठी नंतर परवानगीची वेगळी दारे बांधावी लागली. चोराला रोखण्यासाठी घातलेली कडी वैद्यालाही बाहेर ठेवते. ती कडी घालू नये, असा याचा अर्थ नाही. पण वैद्यासाठी दार कोठे ठेवले, हे कडी घालणाऱ्याने त्याच दिवशी सांगितले पाहिजे.

आमचा कल तिसऱ्या उत्तराकडे आहे, आणि ते आपल्या भूमीला अपरिचित नाही. सामायिक गोष्टींचा नाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवून दिले, की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक शासन केले, तर सामायिक कुरण, जंगल, पाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गोव्याची गावकरी संस्था हे त्याच जातीचे उदाहरण. १५२६ साली अफोन्सु मेशिया यांनी तिच्या रिती कागदावर नोंदविल्या तेव्हा त्या आधीपासून चालत आलेल्या होत्या. रीत आधी आणि संहिता नंतर, असा तो क्रम होता. नुसता संयम दुबळा ठरतो, नुसती कडी आंधळी ठरते. ज्या संयमाला शेजाऱ्यांनी मिळून नियमाचे रूप दिले, तोच बहुधा टिकतो.

संपूर्ण पडदा व्यापण्याचेही एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. पूर्वीचे खेळ पडदा व्यापताना पडद्याचे मापच बदलून टाकीत. खेळ नीट संपला तर माप पूर्ववत होई. मध्येच कोसळला तर घरधन्याचा पडदा तसाच मोठाल्या, फाटक्या चित्रात अडकून राही आणि मांडून ठेवलेली चिन्हे विस्कटून जात. पुढे एस.डी.एल.च्या दुसऱ्या पिढीत, २०१३ मध्ये, एक सौम्य रीत उपलब्ध झाली आणि तिसऱ्या पिढीत तीच मूळची रीत ठरली. पडद्याचे माप आहे तसेच राहते, खिडकीच तेवढी मोठी होते. यात्रेकरूने धर्मशाळेत सर्व खोली वापरावी, पण भिंत पाडून वापरू नये, एवढाच याचा अर्थ. पूर्ण जागा घेणे आपोआप पाप ठरत नाही. नाटक चालू असताना रंगमंच पूर्णच लागतो, आणि प्रेक्षक स्वतःहून दिवे मालवू देतात. पडदा पडल्यावर दिवे पुन्हा लागले पाहिजेत, आणि मध्येच नाटक कोसळले तरी लागले पाहिजेत. आपल्या अपयशाचा भार यजमानावर पडू नये, ही पाहुण्याची शेवटची परीक्षा असते.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हे सारे मांडले, त्याकडे येतो. चित्र एका मापाचे आहे आणि मिळालेली चौकट दुसऱ्या मापाची, असे झाले तर काय करावे? ग्राफिक्स लायब्ररी यावर मुख्यतः तीन उपाय देते. चित्र ताणून चौकटीत बसवावे, मग माणसे जाडी किंवा उंच दिसतात. चौकट भरून टाकावी आणि जे बाहेर जाईल ते कापू द्यावे, मग कडेचे पात्र दिसत नाही. किंवा चित्र आहे त्या प्रमाणात ठेवावे आणि उरलेल्या जागी काळ्या पट्ट्या सोडाव्यात. पहिल्यात खोटेपणा आहे, दुसऱ्यात त्याग आहे, तिसऱ्यात रिकामेपण आहे. चौथा उपाय चौकटच बदलण्याचा. पण ती दर वेळी आपल्या हाती नसते.

गोव्यातील आपल्या मराठी घराण्यांची स्थिती अशाच चित्रासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून घरात, देवळात, नाटकात आणि पत्रव्यवहारात आपण मराठी सांभाळली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला राजभाषा म्हटले आणि मराठीचाही शासकीय प्रयोजनांसाठी उपयोग करता येईल अशी तरतूद केली. कोणाला ही चौकट अपुरी वाटते, कोणाला ती नको तेवढी वाटते. तो वाद येथे निकालात काढण्याचा आमचा हेतू नाही. चौकट हाती असताना चित्राचे काय करावे, एवढेच विचारावयाचे आहे.

दीर्घ वहिवाटीने हक्क मिळतो, हे आपल्याला मनापासून पटलेले असते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा २० वर्षे शांतपणे, हक्काने आणि अखंड उपभोग घेतला तर तो पक्का हक्क होतो, असे कलमच आहे. भाषेलाही असाच हक्क असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर वहिवाट नसते; काल मिळालेली खिडकी आज पुन्हा मागावी लागते. भाषेचा व्यवहार या दोहोंच्या मधला आहे असे आम्हांस वाटते. आजोबांची मराठी ही नातवाची वहिवाट ठरत नाही. नातवाने ती स्वतः उघडली तरच ती त्याच्यापुरती उघडते.

येथे पडद्यावरचाच एक पुरावा देतो. साध्या ग्राफिक्स लायब्ररीत मुलाने आपल्या गावाचे नाव ‘साखळी’ असे लिहिले, तर ते बहुधा ठीक उमटते. ‘डिचोली’ लिहिले की घोटाळा होतो. ऱ्हस्व वेलांटी ‘ड’च्या आधी यावयाची ती नंतर येते. ‘विठ्ठल’ लिहिले, तर वेलांटीही चुकते आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो. ज्या साखळीत वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचे मंदिर उभे आहे, त्या साखळीच्या मुलाला विठ्ठलाचे नाव पडद्यावर नीट लिहिता येऊ नये, हे बोचते. यात कोणाचा द्वेष नाही. ज्या लिपीत अक्षरे एकामागून एक सरळ बसतात, तिचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून चौकट केलेली होती, इतकेच. अक्षरांची जुळणी समजणारी ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी जोडली की नाव शुद्ध उमटते. तिच्या नावातला फारसी ‘हर्फ’ म्हणजे आपल्या मराठीतला हरफच. एस.डी.एल.च्या अक्षरे उमटविणाऱ्या भागातही ही जोड देण्याची सोय आता आहे. पण ती कोणीतरी मागावी लागते. ही मागणी आमच्या मते कठोर अटींच्या वर्गातली आहे. नाव शुद्ध उमटावे यात तडजोड नाही. ते फलकावर किती मोठे उमटावे आणि कोणाच्या वर उमटावे, ही सौम्य वर्गातली.

याच पुराव्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. मराठीसाठी वेगळ्या आणि कोंकणीसाठी वेगळ्या नाहीत. साखळीच्या मुलाने विठ्ठलाचे नाव दुरुस्त करून घेतले, की त्याच दुरुस्तीने शेजारच्या घरातील कोंकणी कविताही शुद्ध उमटते. पडद्यावर दोघांच्या खिडक्या वेगळ्या असतील. अक्षरे एकाच पेटीतून येतात. ज्या मागणीने शेजाऱ्याचेही काम होते, ती निःशंक मनाने आणि ठासून मागावी. जी मागणी शेजाऱ्याने आपल्यापुढे तशीच ठेवली तर आपण संतापू, ती उच्चारण्यापूर्वी चेन यांचा प्रश्न स्वतःला विचारावा.

आणि जेथे चौकट खरोखरच अपुरी आहे, तेथे आम्ही तिसरा उपाय पत्करू. चित्र ताणून मराठी असल्याचा आव आणू नये. घरात एक शब्द न वाचणाऱ्याने व्यासपीठावर अस्मितेचा गजर करणे हे ताणलेले चित्र होय. सोय म्हणून कडाही कापू देऊ नयेत. ओव्या, म्हणी, नात्यांची नावे, सणांचे बारकावे या कडाच असतात आणि प्रथम त्याच जातात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना थोड्या रिकाम्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. त्या पाहून कोणी म्हणेल, की यांच्या वाट्याची जागा भरलेली नाही. म्हणू दे. प्रमाण बिघडू न देता लहान राहणे हा पराभव नव्हे, कारण पुढे मोठी चौकट मिळाली तर शुद्ध प्रमाणातले चित्रच मोठे करता येते. ताणलेले चित्र मोठे केले, तर त्यातला दोष तेवढा मोठा होतो.

तेव्हा आरंभीच्या तीन प्रश्नांना आमची उत्तरे अशी आहेत. जागा कामापुरती मागावी, आणि काम मोठे असेल तर संकोच न करता मोठी मागावी, मात्र ती परत करण्याची तयारी मागतानाच ठेवावी. मागताना अट कोणती आणि आवड कोणती हे स्पष्ट सांगावे, आणि देणाऱ्याने काय दिले हे कळवावे. मिळालेल्या जागेत आपले प्रमाण सांभाळून राहावे. पडदा कोणा एका खिडकीचा नसतो. तो ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्या माणसाचा असतो, आणि त्याने आपल्याकडे पाहावे असे वाटत असेल, तर पाहण्याजोगे काही खिडकीत असले पाहिजे.